मावशीची खालचीच कवळी का उडते?

परवा खानापूरला लग्नाच्या पंगतीत मावशी शेजारी बसली होती. पानात गोकाकचं करदंट पडलं, तसं तिनं ते हळूच माझ्या पानात सरकवलं आणि पदराआड खालची कवळी काढून रुमालात गुंडाळली. "वरची बसतीय बघ, खालचीच उडतीय. तिसरी हाय ही," म्हणाली. तीन कवळ्या झाल्या, आणि दरवेळी शिव्या खाल्ल्या त्या करणाऱ्यानं. खरी गडबड कवळीखालच्या हाडात आहे.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचं अस्तर असतं, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं, आणि त्या तंतूंवर दात पाळण्यासारखा टांगलेला असतो. भाकरीचा घास चावला की दात किंचित खाली जातो, तंतू ताणतात आणि भोवतालच्या हाडाला ओढ बसते. दाबाचं ओढीत रूपांतर! शाळेत आपण दातांचे प्रकार पाठ केले, पण ही गंमत कुणी सांगितली नाही.

हाडाला ही ओढ लागतेच, कारण हाड सतत मोडत आणि बांधलं जात असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी पोखरतात, ऑस्टिओब्लास्ट भरतात. कुठे पोखरायचं नि कुठे भरायचं, हे बरंचसं ठरवतात हाडात गाडलेल्या ऑस्टिओसाइट पेशी. भार आला की हाडातल्या सूक्ष्म नळ्यांमधला द्रव हलतो आणि त्यांना ते कळतं. भार थांबला की त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडतात, त्यानं बांधकाम मंदावतं. दुसरीकडे रँकएल नावाचा रेणू पोखरणाऱ्या पेशींना चेव आणतो.

दात गेला, ओढ गेली. त्या जागी कवळी बसली, ती हिरडीवर नुसता दाब देते, आणि त्या दाबानं हाड आणखी झिजतं. पहिल्या वर्षी झीज सर्वांत जास्त. पुढे वेग कमी होतो, पण ती थांबत नाही. खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजतो. शिवाय वरची कड आत सरकते आणि खालची बाहेर. उंची कमी झाल्यानं हनुवटी वर आणि पुढे येते, नाकाला भेटायला निघाल्यासारखी. मग कवळीवरचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत; पुढचे आधी टेकतात, एका बाजूनं चावलं की दुसरी बाजू उचलते. वरच्या कवळीला निदान टाळूचा आधार आणि लाळेची चिकट फिल्म असते. खालची म्हणजे घोड्याची नाल, आणि मधे सतत वळवळणारी जीभ.

इथे इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळासारखा हाडात रोवलेला टायटॅनियमचा स्क्रू, कामाला येतं. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी 1952 च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं. काढायला गेले तर ते हाडाला घट्ट जुळलेलं. 1965 साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवलं. टायटॅनियमवर हवेतच ऑक्साइडचा अतिपातळ थर येतो आणि हाड त्याला परकं मानत नाही.

खालच्या जबड्यात पुढे, सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट बसवले तरी कवळी त्यांवर टिचबटणासारखी टक्कन बसते. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी 2002 सालीच सांगितलं की पूर्ण बोळक्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा. एक लक्षात ठेवायचं: इम्प्लांटभोवती ते तंतू नसतात. खरा दात दाबाखाली थोडा दबतो, इम्प्लांट जवळजवळ नाही. म्हणून चावा काळजीनं जुळवावा लागतो. एकच दात उंच राहिला तर सगळा भार तिथेच.

'तीन दिवसांत पक्के दात' अशा जाहिराती बेळगावात भिंतीभिंतीवर दिसतात. इम्प्लांटची पकड सुरुवातीलाच घट्ट असेल तर लगेच दात लावता येतात, पण हे प्रत्येकाला जमत नाही. जुन्या पद्धतीत खाली तीन महिने, वर सहा महिने थांबत. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा बिडी सुटत नसेल तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. निपाणीच्या तंबाखूवर पोट असलेल्या मुलखात हे कुणाला सांगणार, हा प्रश्न वेगळा!

'वरची दाढ काढली की डोळे जातात' ही समजूतही अजून जिवंत आहे. नजरेची नस निराळी, दाढेची निराळी. या भीतीनं लोक किडकी दाढ वर्षानुवर्षं तशीच ठेवतात, पू भोवतालचं हाड खातो, आणि इम्प्लांट रोवायला जागाच उरत नाही.

मावशीला हे सगळं सांगितलं. शुगर तपासून, जबड्याचा स्कॅन काढून मग ठरवू म्हटलं. टिचबटणातल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात, त्या अधूनमधून बदलाव्या लागतील, हेही. तिनं एवढंच विचारलं, "मग रात्री काढून ठेवायची का न्हाई?"

काढायचीच. हिरडीला विश्रांती लागते, आणि टिचबटणांभोवती ब्रश फिरवायला जागाही तेव्हाच मिळते.