नाउमेदीचे इंग्रजी शब्द: डिसकरेजपासून डिप्रेसपर्यंत

कर्जत फास्ट डोळ्यांदेखत सुटली, ‘डिप्रेस झालो’. सीएचा एक ग्रुप तिसऱ्यांदा राहिला, ‘डिप्रेस झालो’. म्हाडाच्या सोडतीत नाव नाही, तरी तेच. मुंबईच्या रोजच्या बोलण्यात हा एक शब्द आठ-दहा शब्दांचं ओझं वाहतो. इंग्रजी बोलणारा मात्र गाडी सुटल्यावर ‘ॲनॉइड’ म्हणेल, सीएच्या निकालावर ‘डिसहार्टन्ड’ आणि सोडतीबद्दल ‘डिसअपॉइंटेड’. दुःख किती मोठं, एवढ्यावरच ही निवड ठरत नाही. प्रत्येक शब्दाच्या पोटात एक जुनं चित्र दडलेलं आहे आणि शब्द कुठे बसतो, त्याच्या मागे ‘फ्रॉम’ येतो की ‘इन’, हे पुष्कळदा त्या चित्रावरून उमगतं.

‘डिसकरेज’मधलं चित्र काळजाचं आहे. लॅटिनमध्ये ‘कोर’ म्हणजे हृदय. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘कोराज’ झाला आणि पुढे ‘डिस’ लागून काळीज काढून घेण्याचं क्रियापद तयार झालं. १०६६ साली नॉर्मन इंग्लंडमध्ये आले, दरबाराची आणि कोर्टकचेरीची भाषा फ्रेंच झाली, आणि असे शब्द पुढची काही शतकं इंग्रजीत झिरपत राहिले. ‘डिसकरेज’ रुळला पंधराव्या शतकात. हे ‘कोर’ आपल्याला परकं नाही. ‘हृदय’ त्याच मुळाच्या नात्यातला, आणि ‘श्रद्धा’ही, तिचा जुना अर्थ ‘हृदय ठेवणं’ असा लावतात.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच अर्थाचा अस्सल इंग्रजी हाडाचा ‘डिसहार्टन’ दिसू लागतो. शेक्सपिअरच्या पाचव्या हेन्रीवरच्या नाटकात अजिंकूरच्या लढाईच्या आदल्या रात्री वेष पालटून फिरणारा राजा म्हणतो की, राजाने भीती चेहऱ्यावर दिसू देऊ नये, नाहीतर सैन्य ‘डिसहार्टन’ होईल. आजही शब्दाचा रोख तोच आहे: काम अर्धवट असताना बळ गळणं. मराठीत याला ‘अवसान गळणं’ हा चपखल शब्द आहे, पण आपण उगाच ‘निराश’कडे धाव घेतो.

वापरातली हमखास चूक इथेच होते. ‘एन्करेज’च्या मागे ‘टू’ येतो, म्हणून ‘ही डिसकरेज्ड मी टू अप्लाय’ असं सर्रास लिहिलं जातं. हवं ‘फ्रॉम अप्लाइंग’. उत्तेजन कशाकडे तरी नेतं आणि नाउमेदी कशापासून तरी मागे ओढते, एवढं ध्यानात ठेवलं की अव्यय चुकत नाही. उच्चारही ‘डिसकरेज’ असा लांब नाही. शेवट ‘रिज’ असा आखूड होतो, ‘कॉलेज’चा इंग्रजी उच्चार ‘कॉलिज’ होतो तसा. सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या इंग्रजी सूचनेत एखादी गोष्ट ‘डिसकरेज्ड’ आहे असं दिसलं तर ती मना नाही, दंडही नाही. ‘करू नये’ आणि ‘करता येणार नाही’ यांच्या मधली ती पायरी आहे. अर्थशास्त्रातला ‘डिसकरेज्ड वर्कर’ आणखी वेगळा. मिळणारच नाही असं मानून ज्याने काम शोधणंच सोडलं तो. नेहमीच्या व्याख्येप्रमाणे बेकार म्हणजे काम शोधणारा, त्यामुळे हा माणूस बेकारीच्या आकड्यातही धरला जात नाही.

काळजाचाच एक खड्डा सांगून ठेवायला हवा. ‘लूझ हार्ट’ म्हणजे धीर सुटणं. मध्ये ‘युअर’ घालून पुढे ‘टू’ जोडला की ते प्रेमात पडणं होतं. उमेदवाराला धीर देताना ‘डोन्ट लूझ युअर हार्ट’ लिहिलं तर वाचणारा गालातल्या गालात हसतो.

‘डिसअपॉइंट’ची गोष्ट सगळ्यात मजेशीर. त्याचा सुरुवातीचा अर्थ शब्दशः ‘नेमणूक काढून घेणं’. ‘अपॉइंट’ केलेल्याला पदावरून दूर केलं की तो ‘डिसअपॉइंट’ झाला! पंधराव्या शतकातच त्याला ‘ठरलेलं न मिळणं’ असा पसरट अर्थ आला, पण मूळ अट सुटली नाही: आधी काहीतरी ठरलेलं, निदान अपेक्षित असलं पाहिजे. म्हणून ‘अपेक्षाभंग’ हा त्याचा नेमका मराठी जोड, ‘निराशा’ नव्हे. ज्याने सोडतीचा अर्जच भरला नाही तो ‘डिसअपॉइंटेड’ होऊ शकत नाही. वस्तूबद्दल, सेवेबद्दल ‘विथ’ येतो, निकालाबद्दल ‘बाय’ किंवा ‘ॲट’, आणि माणसाबद्दल ‘इन’. हा ‘इन’ जड आहे. ‘आय ॲम अँग्री विथ यू’ म्हणजे साहेब आज चिडलेत. ‘आय ॲम डिसअपॉइंटेड इन यू’ म्हणजे तुमच्याबद्दलचं त्यांचं मतच खाली आलंय. ब्रिटिश माणसाने मेलमध्ये ‘अ बिट डिसअपॉइंटेड’ लिहिलं की ‘थोडासा’ वर विसंबू नये. तो बहुधा चांगलाच तापलेला असतो.

‘आय ॲम व्हेरी डिसअपॉइंटिंग’ ही चूक तर अनेकांच्या तोंडून जाते. त्याचा अर्थ होतो, ‘माझ्यामुळे लोकांचा हिरमोड होतो’. भोगणारा ‘एड’वाला, भोगायला लावणारा ‘इंग’वाला. निराश आणि निराशाजनक यांत गल्लत न करणारे आपण इंग्रजीत ती का करतो, कोण जाणे.

खाली ढकलण्याची दोन चित्रं आहेत. ‘डिजेक्ट’ म्हणजे खाली फेकणं, ‘डिप्रेस’ म्हणजे खाली दाबणं. पहिला आता जवळजवळ ‘डिजेक्टेड’ या रूपातच उरलाय. दुसऱ्याने मात्र संसार वाढवला: १९२९च्या पडझडीनंतरची जागतिक मंदी ‘ग्रेट डिप्रेशन’, आणि पावसाळ्यात हवामान खातं सांगतं तेही ‘डिप्रेशन’. भारतीय वर्गवारीत वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असलेली प्रणाली ‘डिप्रेशन’, ५० ते ६१ला ‘डीप डिप्रेशन’. वैद्यकीय ‘डिप्रेशन’लाही अशीच मोजपट्टी आहे: निदानाच्या रूढ निकषांत लक्षणं किमान दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ टिकलेली असावी लागतात. सुटलेली कर्जत फास्ट त्यात बसत नाही.

‘फ्रस्ट्रेट’ आपण फार सैल वापरतो. लॅटिन ‘फ्रुस्त्रा’ म्हणजे व्यर्थ. ज्याचे प्रयत्न कुणीतरी किंवा कशानेतरी अडवले तो ‘फ्रस्ट्रेटेड’. त्यात दुःखापेक्षा चरफड जास्त. कॉलेजच्या कट्ट्यावरचं ‘फ्रस्ट्रेशन आलंय’ म्हणजे बहुतेक वेळा नुसता कंटाळा.

असे शब्द मराठीत उतरवण्याची पद्धतशीर खटपट मुंबईतच झाली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली इथे छापला गेला, मोल्सवर्थने सुरू करून कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आला. त्याआधीच, १८४१ साली, हरी केशवजींनी जॉन बन्यनच्या रूपककथेचं ‘यात्रिक क्रमण’ हे भाषांतर केलं. त्या मूळ कथेत वाटसरू ज्या चिखलात रुततो त्या दलदलीचं नावच ‘डिस्पाँड’, म्हणजे हताशा. लॅटिनमध्ये हे क्रियापद मुलगी देऊ करण्याचं, वाङ्निश्चयाचं. मनाच्या बाबतीत ते ‘मन देऊन टाकणं’, म्हणजे हाय खाणं झालं.

कोशात एकास एक जोड्या लावल्या तरी चित्रं जुळतातच असं नाही. इंग्रज उत्साहावर गार पाणी ओततो किंवा आगीवर ओलं ब्लँकेट टाकतो. आपण विरजण घालतो. विरजण चमचाभर पुरतं, सगळं दूध बदलतं, आणि ते पुन्हा दूध होत नाही; गार पाण्याला हे साधत नाही. वर्तमानपत्रांचं लाडकं ‘खच्चीकरण’ गोठ्यातून आलं. बैल खच्ची करतात, ते. ‘डिमॉरलाइज’ त्याच्या मानाने सोवळा: अठराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘नीती बिघडवणं’ होता, मनोधैर्याचा अर्थ मागाहून चिकटला. ‘शिडातली हवा काढणं’ मात्र सरळ इंग्रजीवरून घेतलंय. एक जहाज दुसऱ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूने गेलं की दुसऱ्याची शिडं लोंबकळतात, ती ही हवा.

‘डिटर’ला ‘परावृत्त करणं’ हा सरकारी तर्जुमा रूढ झालाय आणि तो फिका आहे. त्या शब्दात ‘टेरर’चाच धातू आहे, भीती आहे. कोर्टाच्या बातमीतला ‘जरब’ नेमका. ‘डिटरंट’ शिक्षा म्हणजे जरब बसेल अशी शिक्षा.

आणि हे सगळे लांबलचक शब्द लिहिण्याचे. बोलताना इंग्रज ‘लेट डाउन’, ‘पुट ऑफ’, ‘गिव्ह अप’ म्हणतो, जसं आपण अर्जात ‘हताश’ लिहितो पण घरी ‘पोरगं हिरमुसलं’ म्हणतो. ‘पुट ऑफ’ तेवढा जपून वापरावा. ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ’ म्हणजे मीटिंग पुढे ढकलली; ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे वासाने मन उडालं. वाक्यात माणूस मध्ये शिरला की बहुधा दुसरा अर्थ. ‘डाउन इन द डम्प्स’ ऐकून मुंबईकराला १९२७पासूनचं देवनारचं डम्पिंग ग्राउंड आठवतं, पण उदासीचे हे ‘डम्प्स’ सोळाव्या शतकातले आहेत, कचऱ्याच्या ढिगाचा अर्थ येण्याच्या कितीतरी आधीचे.