तेर्मचा किल्ला : नाव काथारांचं, भिंती राजाच्या

दक्षिण फ्रान्समधल्या ओद जिल्ह्यात, कोर्बिएरच्या डोंगरांत तेर्म नावाचं खेडं आहे. जेमतेम मूठभर घरं, आणि वर टेकडीवर पडका किल्ला. जवळच्या कार्कासोन या प्रसिद्ध तटबंदीच्या शहरातली गर्दी इथवर सहसा पोचत नाही. जे येतात ते ‘काथार किल्ला’ पाहायला येतात. घोळ या शब्दापासूनच सुरू होतो.

काथार म्हणजे रोमच्या चर्चने पाखंडी ठरवलेला मध्ययुगीन ख्रिस्ती पंथ. १२१० साली त्यांच्याविरुद्धच्या धर्मयुद्धातल्या फौजेने तेर्मला वेढा घातला. ऑगस्ट ते नोव्हेंबर, जवळजवळ चार महिने. गडावर धान्य होतं, प्यायला वाइन होती, पाणी संपलं. शरणागतीची बोलणी झाली आणि तेवढ्यात पाऊस कोसळला. लोकांनी हाताला येईल ते भांडं भरून घेतलं, बोलणी मोडली. त्याच पाण्यात कणीक मळली, त्यातच अन्न शिजवलं, आणि गडावर हगवण पसरली. अखेर एका रात्री लोक गड सोडून निघाले आणि बेत उघडा पडला. गडाचा धनी पकडला गेला आणि कार्कासोनच्या कैदेत मेला. तेर्मची आठवण ठेवायची तर या चार महिन्यांसाठी ठेवावी.

मात्र त्या लोकांनी लढवलेल्या भिंती आज जवळजवळ उरलेल्याच नाहीत. दिसते ती दुहेरी तटबंदी नंतरची, फ्रान्सच्या राजाने बांधलेली. १२५८ च्या कोर्बेइ तहाने दक्षिणेकडच्या आरागॉन राज्याची सरहद्द कोर्बिएरला येऊन टेकली आणि तेर्मसह पाच किल्ले तिच्या पहाऱ्याला बसले. ‘कार्कासोनचे पाच पुत्र’ म्हणतात ते हेच. म्हणजे ज्यांनी काथारांना चिरडलं, त्यांच्याच बांधकामाला आज काथारांचं नाव आहे. हा प्रताप बव्हंशी विसाव्या शतकातल्या पर्यटनाचा. जिल्ह्याने ‘काथारांचा प्रदेश’ असा शिक्काच तयार केला आणि तो किल्ल्यांपासून खाद्यपदार्थांपर्यंत सगळीकडे मारला.

तेर्मपुरता हा शब्द अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवं. त्या धन्याचा भाऊ पुढे काथारांचा बिशप झाला. गडावरच्या प्रार्थनाघरात तीस वर्षांहून अधिक काळ मास (कॅथलिकांची मुख्य उपासना) झाली नव्हती, असं जिंकणाऱ्यांच्या बखरकाराने लिहून ठेवलंय. शत्रूची साक्ष ती, जपूनच घ्यावी. आज तिथे प्रार्थनाघराच्या भिंतीत क्रुसाच्या आकाराची खिडकी आहे. लोक तिच्यासमोर फोटो काढतात आणि ती काथारांची समजतात. काथार तर क्रूस पूजतच नसत.

पुढे किल्ला दरोडेखोरांच्या हाती गेला आणि १६५३-५४ मध्ये राजाज्ञेने सुरुंग लावून उडवला गेला. पाचच वर्षांनी, १६५९ च्या फ्रान्स-स्पेन तहाने, सरहद्द दक्षिणेला पिरेनीजकडे सरकली.

अलीकडे कार्कासोनच्या तटबंदीसोबत तेर्म धरून सात डोंगरी किल्ल्यांचा जागतिक वारशासाठी प्रस्ताव तयार झाला. त्याच्या नावात ‘काथार’ हा शब्द ठेवलेला नाही.