ग्राफिक्स लायब्ररींची पोर्टेबिलिटी

एका ऑपरेटिंग सिस्टिमवर चित्र काढणारा प्रोग्रॅम किरकोळ फेरफार करून दुसरीवरही चालणे, याला ग्राफिक्स लायब्ररीची पोर्टेबिलिटी म्हणतात. सी भाषेच्या प्रमाणित व्याख्येत खिडकी, पिक्सेल, रंग यांचा उल्लेखच नाही. ते काम ऑपरेटिंग सिस्टिम आणि ड्रायव्हरकडून (पडद्यासारखे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडून) करवून घ्यावे लागते, आणि लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शन्सचा संच, तिथे दुभाष्याचे काम करते.

मराठवाड्यात बीसीएस, बीसीए केलेल्या अनेकांची या विषयाशी ओळख होते ती ‘ग्राफिक्स डॉट एच’मुळे. ही बोरलँड कंपनीची १९८७ सालची, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीची बीजीआय (बोरलँड ग्राफिक्स इंटरफेस) लायब्ररी. ‘इनिटग्राफ’ या ग्राफिक्स सुरू करणाऱ्या फंक्शनला ड्रायव्हरच्या फोल्डरचा पाथ द्यावा लागतो. तो छोट्या इंग्रजी अक्षरांत, एकेरी बॅकस्लॅशने ‘सी ड्राइव्ह, टीसी, बीजीआय’ असा लिहिला, की कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) ‘बॅकस्लॅश-टी’चा टॅब आणि ‘बॅकस्लॅश-बी’चा बॅकस्पेस करतो. मग पडद्यावर ‘ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड’. नांदेड असो की परभणी, लॅबमध्ये एखाद्याचे प्रॅक्टिकल इथेच अडलेले असते.

खरे तर जर्नलमधला बहुतेक मजकूर कुठेही चालण्यासारखा असतो. ब्रेझनहॅमने १९६२ मध्ये आयबीएममध्ये प्लॉटरसाठी शोधलेली रेषेची रीत फक्त पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवर आणि तुलनेवर चालते. तिला डॉस लागत नाही की विंडोज. डॉसशी बांधलेले असते ते ‘इनिटग्राफ’, ‘पुटपिक्सेल’ आणि अशीच दोन-चार फंक्शन्स. ती वेगळ्या फाइलीत ठेवली असती तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचली असती, पण जर्नलला तसे कोण लिहितो!

६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत, म्हणून टर्बो सी हा बोरलँडचा जुना कंपायलर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसच्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवतात. याला पोर्टेबिलिटी म्हणणे धाडसाचेच: प्रोग्रॅम जागचा हलत नाही, त्याच्याभोवती जुना संगणक उभा केला जातो. विनबीजीआयएम आणि एसडीएल-बीजीआय या लायब्ररींनी मात्र तीच फंक्शन्स नव्याने लिहिली. त्यातली दुसरी लिनक्स आणि मॅकवरही चालते.

मोठ्या कामासाठी १९९८ पासूनची एसडीएल किंवा जीएलएफडब्ल्यू या लायब्ररी वापरतात. त्रिमितीसाठी १९९२ सालचे ओपनजीएल बरीच वर्षे समान पाया होते, पण ॲपलने २०१८ मध्ये ते कालबाह्य ठरवले. २०१६ साली त्याचा वारस म्हणून आलेले व्हल्कन मॅकवर मोल्टनव्हीकेसारख्या मधल्या थराच्या मदतीने ॲपलच्याच मेटल या ग्राफिक्स प्रणालीवर चालवावे लागते. शिवाय बीजीआयचा शून्यबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात, तर ओपनजीएलचा खालच्या. कोड नुसता उचलून आणला तर चित्र उलटे दिसते.

मराठी प्रोग्रॅमरची खरी कसोटी अक्षरांत असते. ‘किल्लारी’ हे नाव अक्षरजुळणी न करणाऱ्या लायब्ररीने लिहिले तर पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे न येता उजवीकडे पडते आणि ‘ल्ल’ फुटून पाय मोडलेला ‘ल’ सुटा दिसतो. रेलिब या लायब्ररीच्या मूळ मजकूर-फंक्शनमध्ये ही जुळणी नाही. एसडीएलच्या टीटीएफ या फॉन्ट-जोडणीत हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी घालून कंपाइल केले तर ती होते. फॉन्टचेही तसेच. विंडोजवरचा निर्मला यूआय लिनक्सवर आपसूक मिळत नाही, त्यामुळे नोटो सान्स देवनागरीसारखा खुल्या परवान्याचा फॉन्ट प्रोग्रॅमसोबतच द्यावा लागतो.