म्हापशाच्या बाजारात बसणाऱ्या वयस्कर विक्रेत्या : पार्श्वभूमी

उत्तर गोव्यातील म्हापशात दर शुक्रवारी भरणाऱ्या बाजारात गावठी भाजी, फुले, केळी, सुकी मासळी आणि आगरातले मीठ घेऊन बसणाऱ्यांमध्ये साठी ओलांडलेल्या स्त्रियांचे प्रमाण सहज नजरेत भरते. त्यांच्या कष्टाचे कौतुक सगळेच करतात आणि ते यथायोग्यच आहे. पण हा बाजार वयाने एवढा प्रौढ का झाला, याचे उत्तर केवळ त्यांच्या चिकाटीत सापडत नाही. २०११च्या जनगणनेत साठीपुढील लोकांचे प्रमाण देशात सुमारे ८.६ टक्के, तर गोव्यात ११.२ टक्के होते, हे त्याचे एक कारण आहे. मात्र मोठे कारण गोव्याच्या शेतीत आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या इतिहासात आहे.

गोव्यातील आठवड्याचे बाजार वारांनी वाटलेले आहेत. साखळीचा सोमवार, वाळपईचा मंगळवार, डिचोलीचा बुधवार आणि म्हापशाचा शुक्रवार. या वाटणीमुळे एका गावची शेतकरीण आपला माल आठवड्यातून एक-दोन ठिकाणी नेऊ शकत असे आणि उरलेले दिवस शेतात घालवू शकत असे. बाजारात बसणे हा तिचा वेगळा धंदा नव्हता, तो शेतीचाच शेवटचा टप्पा होता. पावसाळ्यातले सरद पीक कापून झाले की ओलावा धरून ठेवणाऱ्या जमिनीत वायंगण (हिवाळी भात) शेती किंवा भाजीचे वाफे केले जात. तांबडी भाजी, मुळा, मिरची, अळसांदे (चवळी) आणि रताळी याच हंगामातली. भात बहुधा घरात खाण्यापुरते राही किंवा खंडात जाई, त्यामुळे हातात रोख पैसा येण्याचा मार्ग म्हणजे भाजीची पाटी. नांगरणी पुरुष करत. पाणी घालणे, खुरपणे, पहाटे भाजी उपटून जुड्या बांधणे आणि विकणे ही कामे बायकांकडे असत. म्हणूनच बाजारातली ठरलेली जागाही आईकडून मुलीकडे किंवा सासूकडून सुनेकडे जात राहिली.

म्हापसा हे बार्देशातले ठाणे असले तरी त्याचा बाजार कधीच एकट्या बार्देशाचा नव्हता. पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या ताब्यात आले; त्याआधी ते सावंतवाडीच्या राज्यात होते आणि त्या बाजूच्या गावांशी असलेले नाते नंतरही टिकले. आजही बांदा, दोडामार्ग आणि सावंतवाडीकडून लोक शुक्रवारी म्हापशाला येतात. डिचोली-सत्तरीच्या डोंगरांतून रानमेवा येई, किनाऱ्याकडच्या गावांतून मासळी आणि मीठ येई. पावसाळ्यापूर्वी घरात सुके मासे, मिरच्या, कांद्याच्या माळा, आमसुले, चिंच आणि मीठ भरून ठेवण्याची पुरुमेंताची खरेदी या बाजाराचा वर्षातला सर्वांत मोठा हंगाम. ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी येणारे म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचे (मेरीमातेचे) फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, ज्याला हिंदू भाविकही श्रद्धेने जातात, याच खरेदीच्या दिवसांत येते.

१९५५च्या सुमारास भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि घाटावरून व सावंतवाडीकडून येणाऱ्या मालाची वाट बंद झाली. पोर्तुगीज प्रशासनाने परदेशातून धान्य, बटाटे आणि इतर जिन्नस जहाजाने आणले, परंतु पालेभाजी जहाजाने आणता येत नाही. ताटातली रोजची हिरवी भाजी त्या वर्षांत गावच्या मळ्यांवरच अवलंबून राहिली. आजच्या ज्येष्ठ विक्रेत्यांपैकी ज्या पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, त्यांचे बालपण याच काळातले. म्हापशाची आजची आखीव बाजारपेठही पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत उभी राहिली. केळी, फुले, मासळी, मातीची भांडी यांच्यासाठी त्या आखणीत जागा होत्या, तरी शुक्रवारी गावांहून येणाऱ्या बायका मोकळ्या वाटांवर गोणपाट पसरूनच बसत आल्या.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत या स्त्रियांचे जग जेवढे बदलले तेवढे आधीच्या शंभर वर्षांत बदलले नसेल, असे मला वाटते. १९६४च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, १९७५च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीवर राहणाऱ्यांच्या डोक्यावरचे छप्पर सुरक्षित झाले आणि १९७६मध्ये कूळ कायद्याला झालेल्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळालाच जमिनीचा मालक मानण्याची तरतूद केली. भाजी पिकवणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा होता. पुढच्या वर्षीही हाच वाफा आपल्याकडे असेल याची खात्री असली तरच कोणी बांध घालतो, विहीर उपसतो आणि बी राखून ठेवतो.

त्याच काळात गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. शाळेने जे दिले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. विक्रेत्या स्त्रियांनी भाजीच्या पैशांतून मुलांना शिकवले आणि मुले शिकली. मात्र शिकलेली मुले मळ्यात परतली नाहीत. सरकारी नोकऱ्या, खाणी, बंदर, आखातातील रोजगार आणि पुढे पर्यटन यांनी त्यांना सामावून घेतले. मांडवीवर १९७०मध्ये पूल झाला, १९८०मध्ये कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले. ज्या रस्त्यांनी आईची पाटी बाजारात जाऊ लागली, त्याच रस्त्यांनी मुलगी पणजीच्या कचेरीत जाऊ लागली. म्हणजे बाजार वृद्ध झाला तो पुष्कळ अंशी या स्त्रियांच्या यशामुळे. त्यांनी जागा सोडली नाही आणि त्यांच्यामागे येणाऱ्यांना ती घेण्याची गरज राहिली नाही. ही गोष्ट आनंदाची आणि चिंतेची, दोन्ही आहे.

शेतीही आक्रसली. डिचोली, सत्तरी आणि सांगे भागांत खाणींचा गाळ शेतांत उतरला; किनाऱ्यालगत जमिनीचे भाव शेतीच्या उत्पन्नाला परवडण्यापलीकडे गेले. २०११च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या शहरी नोंदली गेली. गोव्याला लागणारी बहुतेक भाजी आज चोर्ला आणि अनमोड घाटांतून बेळगावहून येते आणि फलोत्पादन महामंडळाच्या केंद्रांवर ती सवलतीच्या दरात मिळते. ग्राहकाला तो मोठाच दिलासा आहे; पण पाच-पन्नास जुड्या घेऊन बसणाऱ्या बाईला त्या दराशी स्पर्धा करावी लागते, हेही खरे. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे घाटाची वाहतूक विस्कळीत झाली, तेव्हा गावठी भाजीची आठवण सर्वांना झाली होती.

बेळगावच्या ट्रकमधून जे येऊ शकत नाही, ते या बायकांकडे असते. पहिल्या पावसानंतर तायकिळा, कुड्डुक, अळू आणि फागलां या पावसाळी भाज्या, नंतर सत्तरीच्या रानातील अळमी (अळंबी), आणि चतुर्थीच्या आदल्या दिवसांत माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताला, बांधायची कांगलां, घागऱ्यो, तोरिंगां, आंबाडे, सुपारीचे घोस. यांतले काय खाण्याचे, काय विषारी, कोणता वेल कोणत्या उतारावर कधी फळतो आणि किती ठेवून किती तोडायचे, हे ज्ञान लिहून ठेवलेले नाही. चतुर्थीला गोव्यातील हजारो घरांत माटोळी बांधली जाते ती या ज्ञानाच्या आधारावर. बियाण्याचेही तसेच. हरमलची मिरची आणि मयडेची केळी यांना २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, मानकुराद आंब्याला २०२३मध्ये मिळाले. ही वाणे कागदावर नोंदवली जाण्याआधी कित्येक पिढ्या शेतकरी घरांनी चुलीवरच्या माळ्यावर आणि परसात सांभाळली, आणि त्यांना गिऱ्हाईक मिळवून दिले ते बाजारात बसणाऱ्या बायकांनी.

राहिला प्रश्न जागेचा. बाजारात बसण्याबद्दल पालिका किंवा तिचा कंत्राटदार जो कर घेतो, त्याला गोव्यात सोपो म्हणतात. अनेक वर्षे एकाच ठिकाणी बसणाऱ्या विक्रेतीकडे त्या जागेचा पुरावा म्हणून सोपोच्या पावत्यांखेरीज फारसे काही नसते, आणि पावत्या जपून ठेवण्याची सवय कोणी लावलेली नसते. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांचे सर्वेक्षण करून त्यांना प्रमाणपत्र देणे बंधनकारक केले आहे. ५० वर्षांहून अधिक काळ जेथे विक्रेते व्यवसाय करत आले आहेत, असे नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावेत आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही तो कायदा सांगतो. म्हापशाच्या बाजाराचे वय पाहता, उघड्यावर बसणाऱ्या या स्त्रियांना त्या तरतुदीचा लाभ मिळायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २,००० रुपये ज्येष्ठांना आधार देतात, पण ते बाजारातल्या जागेची भरपाई करत नाहीत.

याच कायद्यानुसार नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेते आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असायला हव्यात. आठवड्यातून एकदाच गावाहून येणाऱ्या वयस्कर स्त्रीला त्या समितीत खरोखर बोलता यावे, असे वाटत असेल, तर सर्वेक्षण शुक्रवारी सकाळी बाजार भरलेला असताना व्हावे आणि समितीची बैठक मात्र शुक्रवार सोडून इतर वारी, बसने ये-जा करता येईल अशा वेळी ठेवावी.