आलेखांवरील अविरत शिक्षण

आलेखांवरील अविरत शिक्षण : शिरोबिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे यांचे जाळे वाढत व बदलत असताना, आधी शिकलेले न गमावता नवे शिकत राहण्याची यंत्र शिक्षणातील पद्धत. शाळेत चौकटीच्या कागदावर काढतात तो आलेख येथे अभिप्रेत नाही.

न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्याला) एकामागून एक कामे शिकवली, तर नव्या कामासाठी भारांक (शिकलेले ज्या संख्यांत साठते त्या) बदलताना जुने कौशल्य झपाट्याने नष्ट होते, हे मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी १९८९ मध्ये दाखवले. आलेखांत ही अडचण अधिक बिकट होते. समजा, शोधनिबंध हे शिरोबिंदू आणि त्यांनी एकमेकांचे दिलेले संदर्भ हे दुवे आहेत. एखाद्या जुन्या शोधनिबंधाचा आज कोणी नव्याने संदर्भ दिला, तर त्या निबंधातील एक अक्षरही बदलत नाही. परंतु आलेखांवर चालणारे न्यूरल नेटवर्क शेजाऱ्यांकडील (दुव्याने जोडलेल्या शिरोबिंदूंकडील) माहिती एकत्र करून प्रत्येक शिरोबिंदूचे संख्यात्मक वर्णन घडवत असल्याने त्या निबंधाचे वर्णन बदलते, आणि माहिती एकत्र करण्याची क्रिया दोनदा करणारे, म्हणजे दोन स्तरांचे, नेटवर्क असेल तर त्या निबंधाच्या शेजाऱ्यांपर्यंतही हा परिणाम पोहोचतो. म्हणजे जपून ठेवायचे जुने उदाहरणच स्थिर नसते.

निवडक जुनी उदाहरणे साठवून ती नव्यांसोबत पुन्हा शिकवणे, हा एक उपाय. शिरोबिंदू एकटा साठवला तर त्याचा शेजाऱ्यांशी संबंध तुटतो. शेजार सोबत घेतला तर साठा भराभर फुगतो. दुसऱ्या उपायात जुन्या कामासाठी महत्त्वाचे भारांक फारसे हलू दिले जात नाहीत. २०१७ मध्ये मांडलेली ही कल्पना पुढे आलेखांसाठी, जाळ्याची रचना विचारात घेऊन, सुधारण्यात आली.

तथापि केवळ जपणूक पुरेशी नाही. २०१९ मध्ये अभ्यासासाठी खुल्या झालेल्या एलिप्टिक या बिटकॉइन व्यवहारांच्या माहितीसंचात २,०३,७६९ व्यवहार ४९ कालखंडांत विभागलेले असून त्यांपैकी ४,५४५ अवैध म्हणून नोंदलेले आहेत. ४३व्या कालखंडात बेकायदा व्यवहारांची एक गुप्त ऑनलाइन बाजारपेठ बंद पडली आणि त्यानंतर अवैध व्यवहार ओळखण्यात तपासलेली सर्वच प्रारूपे (शिकवलेल्या संगणकीय प्रणाली) अडखळली. प्रत्येक कालखंडानंतर नव्याने प्रशिक्षित केलेले प्रारूपही त्यातून सुटले नाही. जुने विसरणे हे येथे अपयशाचे कारण नव्हते, गुन्ह्याचा साचाच बदलला होता. या क्षेत्रातील बहुतेक चाचण्या जुन्या कामांवरील घसरण मोजतात. कालबाह्य झालेले किती लवकर सोडून दिले, याला त्यांत क्वचितच गुण मिळतात.