सापाचा पूर्ण फोटो पाठवा, नुसत्या डोक्याचा नको

पावसाळा सुरू झाला की ठाण्यातील येऊरच्या पायथ्याच्या, उपवनच्या आणि घोडबंदर रस्त्यालगतच्या सोसायट्यांमधून आमच्या व्हॉट्सॲपवर सापांचे फोटो येऊ लागतात आणि प्रत्येक फोटोखाली एकच प्रश्न असतो: हा विषारी आहे का? आमचे मूळ काम पेस्ट कंट्रोलचे, म्हणजे उंदीर-घुशींचा बंदोबस्त आणि आवारातील फटी बुजवणे. परंतु साप बहुधा उंदरांच्या मागावरच आवारात शिरतो, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे येणे स्वाभाविक आहे आणि आम्ही त्याचे उत्तर आनंदाने देतो. अडचण येते ती फोटोची.

दहा फोटोंपैकी निम्म्याहून अधिक केवळ डोक्याचे असतात. विषारी सापाचे डोके त्रिकोणी असते असे सर्वांनी कुठेतरी ऐकलेले असते, म्हणून चांगला आलेला फोटो मोठा करून, बाकीचा साप कापून, नेमके डोके पाठवले जाते. घोणस, फुरसे आणि येऊरच्या जंगलातील हिरवा चापडा यांच्यापुरता तो नियम ठीक आहे; नाग आणि मण्यार यांना मात्र तो लागू पडत नाही, कारण त्यांचे डोके मानेपासून फारसे वेगळे दिसत नाही. उलट मांजऱ्याचे डोके मानेपेक्षा चांगलेच रुंद असते, पण तो निमविषारी असून त्याच्यापासून माणसाच्या जिवाला धोका नसतो. मग आम्ही पूर्ण फोटो मागतो, समितीच्या ग्रुपवर मूळ फोटो कोणी काढला याची शोधाशोध होते आणि तोवर साप चेंबरमध्ये निघून गेलेला असतो.

सर्वाधिक गोंधळ मण्यार आणि कवड्या यांच्यात होतो. दोघेही रात्री बाहेर पडतात आणि दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे असतात. कवड्या बिनविषारी आहे, भिंतीवर सहज चढतो आणि घरातील पालींच्या शोधात असतो. मण्यार अतिशय विषारी आहे. पट्टे कोठून सुरू होतात ते पाहावे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या भागात ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बारीक, पांढरे आणि बहुधा जोडीजोडीने असतात; मानेजवळ ते पुसट असतात किंवा नसतातच आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. मण्यारीच्या पिल्लांत पुढच्या भागातही खुणा असू शकतात, म्हणून आणखी एक लक्षण तपासावे लागते: मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या, षटकोनी खवल्यांची एक रांग असते, ती कवड्याला नसते. यांपैकी एकही गोष्ट डोक्याच्या फोटोत दिसत नाही.

घोणस, अजगराचे पिल्लू आणि डुरक्या घोणस यांच्यातही गल्लत होते. घोणशीच्या अंगावर काळपट कडा असलेल्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. अजगराच्या पिल्लाच्या अंगावरील ठिपके वेडेवाकडे असतात. डुरक्या घोणस बिनविषारी असते. तिचे ठिपके एकमेकांत मिसळलेले असतात आणि शेपूट आखूड असते. बिनविषारी धामण आणि नाग यांच्यात फरक करताना मात्र डोक्याचा फोटो खरोखर उपयोगी पडतो, कारण धामणीचा डोळा मोठा असतो आणि तिच्या ओठांवरील खवल्यांना काळ्या कडा असतात. फणा दिसला नाही म्हणून नाग नव्हे, असे कृपया समजू नये. आपल्या वाटेने जाणारा नाग फणा काढत नाही.

फोटो किमान दहा फुटांवरून, मोबाइलचा झूम वापरून काढावा. डोक्यापासून शेपटीपर्यंत पूर्ण साप एकदा आणि पाठीचा मधला भाग एकदा, एवढे दोन फोटो पुरतात. रात्री टॉर्च समोरून मारल्यास चकचकीत खवल्यांवर उजेडाचा डाग पडतो आणि पट्टे हरवतात, म्हणून प्रकाश बाजूने द्यावा. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास खवले स्पष्ट राहतात. फोटो काढणाऱ्याखेरीज दुसऱ्या एकाने सापावर लांबून नजर ठेवावी. केवळ कात सापडली असेल तर ती झाडूने कचऱ्यात ढकलू नये. कातेवर रंग राहत नसला तरी खवले राहतात, आणि ती उजेडासमोर धरली की पाठीवरची मोठ्या खवल्यांची रांग आहे की नाही हे स्पष्ट दिसते. कात ताणली जाते, त्यामुळे तिच्या लांबीवरून सापाच्या लांबीचा अंदाज बांधू नये.

अर्धवट फोटोवर आम्ही 'बिनविषारी' असे लिहून देत नाही. काही ग्राहकांना हा आमचा अडेलतट्टूपणा वाटतो, परंतु आमच्या एका शब्दावर वॉचमन काठी घेऊन पुढे होतो, हेही लक्षात घ्यावे. साप आम्ही पकडत नाही आणि मारतही नाही. त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. दंश झाला असल्यास मात्र फोटोसाठी किंवा आमच्या उत्तरासाठी क्षणभरही थांबू नये व थेट रुग्णालयात जावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच एकत्रित प्रतिविष दिले जाते आणि डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवतात. मण्यारीच्या दंशाने अनेकदा वेदना किंवा सूज जवळजवळ नसते, त्यामुळे दुखत नाही म्हणून घरी बसू नये.

साप पळवण्यासाठी फिनाइल किंवा पावडर टाकण्याची मागणीही नेहमी होते. त्याने साप थांबत नाहीत, म्हणून ते काम आम्ही पैसे घेऊनही करत नाही. पंप रूमच्या दाराखालची फट, चेंबरची तुटलेली झाकणे, पाइप भिंतीत शिरतात तेथील मोकळी जागा आणि कचराकुंडीमागची उंदरांची बिळे, एवढे बंद केले की सापाला आत येण्याचे कारण बरेच कमी होते. वार्षिक करारात ही पाहणी मे महिन्यात केली जाते. करार नसलेल्या सोसायट्यांसाठीही ती स्वतंत्रपणे करून मिळते. पाहणीच्या दिवशी पंप रूम आणि मीटर रूमच्या चाव्या वॉचमनकडे ठेवाव्यात.