माथ्यावर चेंडू थांबतो, त्वरण थांबत नाही

सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर थांबतो, म्हणून तिथे त्याचे त्वरणही शून्य असते, हा समज फार जुना आणि चिवट आहे. तो चुकीचा आहे. शून्य असतो तो फक्त वेग. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. माथ्याच्या ०.१ सेकंद आधी चेंडू सेकंदाला सुमारे ०.९८ मीटर वेगाने वर जात असतो, ०.१ सेकंदानंतर तेवढ्याच वेगाने खाली. म्हणजे मधल्या क्षणीही वेग बदलतोच आहे! त्वरण शून्य होऊन तसेच राहिले असते, तर चेंडू अधांतरी लटकला असता. उलट माथ्यावर, वारा नसेल तर, हवेचा विरोधही नसतो. तिथे उरते ते निव्वळ गुरुत्वत्वरण, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने.